दोषारोप आणि दोषशोध : जुन्या डिझेल पिकअपकडून मिळालेला एक पाठ

वसतिगृहाचे धान्य, भाजीपाला, गॅसच्या टाक्या आणि प्रसंगी तापाने फणफणलेले मूलही तालुक्याच्या गावी वाहून नेणारी आपली जुनी डिझेल पिकअप माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या चांगल्या परिचयाची आहे. वीस वर्षांहून अधिक वयाची ही गाडी दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बिघडली. बिघाड किरकोळ होता. परंतु तो शोधण्याची जी रीत आम्ही आरंभी अवलंबिली ती चुकीची होती, आणि त्या चुकीची किंमत एका माणसाला मोजावी लागली. यंत्रातील दोष कसा शोधावा, हा या लेखाचा विषय आहे. तो शोधताना माणसावर दोष कसा लादला जातो, हेही त्याच विषयाचे अंग असल्यामुळे दोन्ही गोष्टी येथे एकत्र मांडीत आहोत.

घडले ते असे

पहाटे गाडी लवकर चालू होईनाशी झाली. स्टार्टर बराच वेळ मारावा लागे. चालू झाल्यावरही इंजिन एका लयीत चालत नसे. आवाज कधी चढे, कधी बसे, सारी गाडी थरथरे आणि अधूनमधून पांढुरका धूर येई. भरल्या गाडीने घाट चढताना तर ती दमच टाकी. बाजारातील एका गॅरेजमध्ये डिझेल फिल्टर बदलण्यात आला, नोझल काढून तपासून पुन्हा बसविण्यात आले. फरक पडला नाही. शेवटी ‘इंजिन खोलावे लागेल’ असा सल्ला मिळाला. तो खर्च म्हणजे वसतिगृहाच्या कित्येक महिन्यांच्या भाजीपाल्याचा पैसा होता.

अशातच आणखी एक गोष्ट नजरेस आली. आमच्यापैकी दोघा शिक्षकांनी स्वतः पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरून आणली, आणि गाडी चार दिवस जवळजवळ सुरळीत चालली. टाकी निम्म्याखाली उतरली तशी तक्रार पुन्हा सुरू झाली. यावरून एक तर्क निघाला आणि तो सर्वांना पटला : शिक्षकांनी भरलेले डिझेल शुद्ध म्हणून गाडी चालली, एरवी चालक डिझेल काढून विकतो आणि त्यात रॉकेल मिसळतो.

चालक आमचाच माजी विद्यार्थी, याच वसतिगृहात वाढलेला. त्याला डिझेल काढताना कोणी पाहिले नव्हते. डिझेलचा नमुना कोणी तपासला नव्हता. त्याचे म्हणणेही कोणी विचारले नाही. बैठकीत त्याला गाडीवरून उतरविण्याचे ठरले. त्या बैठकीत आम्ही उपस्थित होतो आणि आम्हीही हात वर केला होता.

डिझेल इंजिनाच्या गरजा

दोष शोधण्यापूर्वी यंत्राचे निरोगी वागणे कसे असते ते ठाऊक असावे लागते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. पेट्रोल इंजिनात इंधन पेटविण्यास ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा पिस्टन सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. दाबाने ती इतकी तापते की त्या क्षणी नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते.

यावरून इंजिनाच्या चार गरजा निघतात : पुरेशी स्वच्छ हवा, पुरेसे कॉम्प्रेशन, योग्य मापाचे इंधन आणि ते फवारण्याची योग्य वेळ. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांनी मंद चालत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला चारशे वेळा इंधन पेटते. त्यांतील काही वेळा ते पेटले नाही की आपल्याला थरथर जाणवते. गाडी नीट चालत नाही म्हणजे या चारांपैकी एखादी गरज भागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोणती भागत नाही, हे मात्र तपासावेच लागते.

लक्षणे काय सांगतात

आमच्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांपैकी एक विद्यार्थी एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाले आहेत. मुले त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. गाडीची हकिगत कानी गेल्यावर ते स्वतःहून आले. पाना हाती घेण्यापूर्वी त्यांनी नववीच्या मुलामुलींना गाडीभोवती बसविले आणि फळा मागविला. त्यांनी त्या दिवशी जे शिकविले त्याचा सारांश असा :

काळा धूर : इंधनाच्या मानाने हवा कमी. प्रथम एअर क्लीनर पाहावा, मग नोझल.

पांढरा धूर : इंधन सिलिंडरमध्ये गेले, पण नीट जळले नाही. थंड इंजिन, उशिरा होणारी फवारणी, कमी कॉम्प्रेशन किंवा तुटक इंधनपुरवठा ही कारणे संभवतात. धूर सतत राहून रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा.

निळसर धूर : इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टन-रिंग किंवा व्हॉल्व्हची झीज पाहावी.

ठरावीक लयीतील ठोका किंवा मिसिंग : बहुधा एकाच सिलिंडरचा दोष.

बेलय चढउतार : बहुधा सर्व सिलिंडरांना समान असलेल्या पुरवठ्याचा दोष.

मंद चालताना ठीक, पण चढावर दम नाही : फिल्टर किंवा टाकीतील जाळी तुंबलेली असू शकते.

आवाज एकसारखा, तरी गाडी थरथरते : इंजिनाला दोष देण्याआधी त्याखालील माउंटिंगचे रबर पाहावे.

ही यादी निकाल देत नाही, असे त्यांनी मुलांना बजावले. एका लक्षणाला अनेक कारणे असतात. यादी केवळ पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते सांगते. त्यांचे आणखी दोन नियम होते. बाहेरचे आणि स्वस्त ते आधी तपासावे, आतले आणि महाग ते शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

तपासणीचा क्रम

गाडी मोकळ्या हवेत उभी करून हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. एअर क्लीनर उघडून पाहिला. तो स्वच्छ होता, आणि काळा धूरही नव्हता. हवेचा प्रश्न तेथेच मिटला.

मग टाकीचे झाकण सैल करून इंजिन ऐकले. टाकीत हवा शिरण्याची वाट बुजली असेल तर आत पोकळी निर्माण होऊन डिझेल ओढले जात नाही, आणि झाकण उघडताच इंजिन सुधारते. येथे फरक पडला नाही.

त्यानंतर इंजिन मंद चालू असताना मिस्त्रीकाकांनी प्रत्येक नोझलकडे जाणाऱ्या पाइपचे नट पाळीपाळीने किंचित सैल केले आणि पुन्हा आवळले. नट सैल केला की त्या सिलिंडरचे काम थांबते. निरोगी सिलिंडर बंद पडला तर आवाज लगेच खाली बसतो. आधीच निकामी असेल तर काहीच फरक पडत नाही. चारही वेळा आवाज सारखाच बसला. म्हणजे चारही सिलिंडर काम करीत होते, आणि इंजिन खोलण्याचा सल्ला निराधार ठरला.

येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. ही चाचणी केवळ जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर आणि जाणत्या मिस्त्रीनेच करावी. त्या पाइपमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या शेकडो पट असतो. उडालेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि अशी जखम लहान दिसली तरी तातडीने डॉक्टरांकडे जावे लागते. मुलांना त्या वेळी दूर उभे करण्यात आले होते. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजार पटींहूनही अधिक असतो. तेथे पाइपला हात लावू नये. तसेच गाडी चालू होत नाही म्हणून हवेच्या वाटेवर पेट्रोलचा बोळा धरण्याची जी सवय दिसते, तीही घातक आहे.

आता उरला इंधनपुरवठा. फवारणीची वेळ चुकली असती तर दोष टाकीतील पातळीप्रमाणे कमीजास्त झाला नसता. फीड पंपाच्या अलीकडे मिस्त्रीकाकांनी पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडला. इंजिन चालू केले, आणि डिझेलबरोबर धावणारे हवेचे बुडबुडे सर्व मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पंपाने रेटा दिला की मध्ये असलेला बुडबुडा आकसतो आणि तो रेटा नोझलपर्यंत पोहोचतच नाही. नोझल उघडत नाही, फवारा होत नाही, तो ठोका हुकतो. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘एअर धरली’ असे म्हणतात.

एकाच खुणेची दोन स्पष्टीकरणे

तरीही आमच्यातील एकाने विचारले, ‘मग टाकी भरली की गाडी बरी का चालत होती?’ हा प्रश्न योग्य होता, कारण चालकावरील सारा आरोप त्याच एका खुणेवर उभा होता.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचे डिझेल ओढून घ्यावे लागते. त्यामुळे त्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. तेथे चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही. हवा आत शिरते. म्हणून खाली डाग दिसत नाही आणि दोष लपून राहतो. टाकी भरलेली असेल तर डिझेल थोडेच वर ओढावे लागते, ओढ कमी पडते, हवा कमी शिरते. टाकी रिकामी होत जाईल तशी ओढ वाढते. चढावर इंजिनाला इंधन अधिक लागते, तेव्हाही ओढ वाढते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरून नळीतील डिझेल टाकीत परतते, आणि पहाटे पंपाला रिकामी नळी मिळते. पहाटेचा त्रास, घाटातील दम आणि भरल्या टाकीचा गुण, या तिन्ही गोष्टी एकाच कारणाने उलगडल्या. रॉकेलच्या तर्काने फक्त तिसरी उलगडत होती.

परंतु मिस्त्रीकाका तेवढ्यावर थांबले नाहीत. स्पष्टीकरण पटण्याजोगे असणे आणि ते सिद्ध होणे यांत अंतर आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी गाडीच्याच टाकीतून, ज्याच्यावर संशय होता तेच डिझेल, स्वच्छ कॅनमध्ये काढले. कॅन जमिनीवर न ठेवता, बोनेटवरही न ठेवता, विटांवर टाकीच्याच उंचीला ठेवला. कॅनपासून फीड पंपापर्यंत नवी नळी जोडली आणि ओव्हरफ्लोचा पाइपही कॅनमध्येच सोडला. हातपंप मारून एअर काढली, फिल्टरचा स्क्रू आवळला आणि गाडी चालू केली.

इंजिन एका लयीत चालू लागले. नळीत बुडबुडा नव्हता. डिझेल तेच होते, इंजिन तेच होते, उंची तीच होती. बदलली होती फक्त नळी. दोष डिझेलमध्ये असता तर तो कॅनमध्येही त्याच्याबरोबर आला असता.

नंतर जुनी रबरी नळी काढून वाकवून पाहिली. टाकीजवळ, क्लॅम्पच्या लगत, नखाएवढी चीर होती. नवी नळी आणि दोन क्लॅम्प यांचा खर्च एका जेवणाच्या वेळच्या भाजीहून कमी आला.

भेसळीचा संशय असेलच तर तोही तपासता येतो. डिझेल काचेच्या बाटलीत स्थिर ठेवले की पाणी तळाशी बसते. रॉकेल मात्र डोळ्यांना वेगळे दिसत नाही. त्यासाठी घनता मोजावी लागते. डिझेलची घनता एका घनमीटरला साधारण ८२० ते ८४५ किलोच्या आसपास असते, रॉकेलची त्याहून कमी. पंपावर घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. आम्ही यांतले काहीच केले नव्हते.

गाडीची वही

इतिहासाच्या अभ्यासात आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की ऐकीव वार्तेपेक्षा समकालीन नोंद अधिक विश्वसनीय, आणि कोणत्याही घटनेच्या कारणासाठी तिच्या आधी काय बदलले ते पाहावे. ही शिस्त आम्ही पाठ्यपुस्तकापुरती ठेवली होती. नळी सापडल्यावर गाडीची वही प्रथमच नीट वाचली. तक्रार सुरू होण्याच्या नऊ दिवस आधी टाकीचा ब्रॅकेट तुटल्यामुळे टाकी उतरवून वेल्डिंग केल्याची नोंद होती. त्याखाली चालकाच्या हस्ताक्षरात लिहिले होते की डिझेलची जुनीच नळी परत बसविली आहे, ती कडक झाली आहे, नवी आणावी.

ज्याला आम्ही दोषी ठरविले त्यानेच दोषाचे ठिकाण आधी लिहून ठेवले होते. वहीच्या त्या पानावर सही करण्याचा रकाना रिकामा होता. तो आमच्यापैकी कोणीतरी भरावयाचा होता.

आपल्यासाठी याचा अर्थ

पुराव्याविना दोष ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके कोणी भोगले नसेल. कापडगिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण तेथे धाग्याला तोंड लावावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो असे मानले जाई. रेल्वेत आपले लोक बहुतांशी गँगमनच राहत. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथील रेल्वे कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायाकडे लक्ष वेधले. कामगाराचे कसब न तपासता त्याच्या जन्मावरून निकाल दिला जात होता. तशीच रीत आपल्या घरात, आपल्याच मुलाबाबत, आपल्याच हातून वापरली गेली, हे आम्हांस लिहिताना जड जाते. परंतु स्मरणिकेत केवळ गौरव लिहिला तर ती स्मरणिका अपुरी राहील.

भगवान बुद्धांनी दुःख सांगितले आणि लगेच त्याचे कारण विचारले. कारण नाहीसे केले तर दुःख नाहीसे होते असे सांगून त्याचा मार्ग दाखविला. कालामांना उपदेश करताना त्यांनी ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा गुरूचा शब्द यांवर विसंबू नका असे तर सांगितलेच; केवळ तर्काला पटते म्हणूनही एखादी गोष्ट स्वीकारू नका, असेही सांगितले. आमचा रॉकेलचा तर्क पटण्याजोगाच होता. वंदनेला रोज बसणाऱ्या आम्हां शिक्षकांना हा उपदेश पाठ होता; तो गाडीपाशी उभे राहून मिस्त्रीकाकांनी आचरून दाखविला.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर सर्व विद्यार्थ्यांसमोर आम्ही त्या चालकाची क्षमा मागितली आणि ठराव रद्द झाल्याचे वाचून दाखविले. त्याने जयभीम केला, मुलांना गाडीची नवी नळी दाखविली आणि तो निघून गेला. तोपर्यंत तो दुसरीकडे टेम्पोवर रुजू झाला होता. शाळेच्या कामावर तो परत आला नाही. दोषशोधाला उशीर झाला की यंत्र दुरुस्त होते, पण सगळेच पूर्ववत होत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

तेव्हापासून तीन गोष्टी नियमाने होतात. गाडीच्या वहीवर मुख्याध्यापक दर शनिवारी वाचून सही करतात. कोणत्याही कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार लेखी घेतली जाते आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय ठराव होत नाही. आणि दरवर्षी नववीच्या मुलामुलींना मिस्त्रीकाका गाडीपाशी एक दिवस शिकवितात. मुली मागच्या वर्षी स्वतः फिल्टर बदलून एअर काढावयास शिकल्या.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज आय.टी.आय.त, एस.टी.च्या आगारांत, कारखान्यांत आणि स्वतःच्या गॅरेजमध्ये आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या हातचे काम घेऊन शाळेत यावे आणि मुलांपुढे एखादा दोष शोधून दाखवावा, अशी विनंती आहे. पालकांनाही सांगणे आहे की, घरात, वस्तीत वा संस्थेत काही बिघडले तर ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाआधी ‘हे कशाने झाले?’ हा प्रश्न मुलांच्या कानी पडू द्या.

जयभीम. नमो बुद्धाय.